अमरावतीचे पाहुणे

"पोह्यावर कोथिंबीर कमी टाकजो," कमलाकांत सर स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. "दातात अडकते."

"पाहुण्यांच्या दातांची काळजी तुम्ही नका करून राहू, बाबा," चारुता म्हणाली.

निवृत्त मुख्याध्यापकांनी आज केसांना कलप लावला होता आणि थोडा कानामागेही सांडला होता. पोरीच्या स्थळासाठी बापाने एवढं नटावं, याचं चारुताला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ओल्या फडक्याने तिने डाग पुसून दिला.

घटस्फोटानंतर पुण्याहून अकोल्याला, जुन्या शहरातल्या या घरी ती आली, तेव्हा वाटलं होतं, जरा श्वास घेऊ आणि निघू. पण आई गेलेली, बाबा एकटे. निघणार कशी? शिकवणीचे वर्ग घेऊन यायला जरा वेळ झाला, की गल्लीतली प्रत्येक खिडकी विचारायची, "आज उशीर झाला व माय?" घर तिला आवडायचं, आणि त्याच घरात तिचा जीव घुसमटायचा. बाबांनी आणलेली दोन स्थळं तिने परतवून लावली होती. आगीतून उठून फुफाट्यात कोण पडेल?

आजचे पाहुणे शेजारच्या पंचफुलाकाकूंनी सुचवलेले. "अमरावतीचे हायेत. मानसं लय मायाळू," काकू कुंपणावरून सांगत होत्या. "येऊ द्या," म्हणत चारुताने स्कूटर सुरू केली. पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही.

"पंचफुलाबाईनं सांगितलं ना तुले समदं?" बाबांनी आता विचारलं.

"सांगितलं."

"तुही मर्जी नसन तर आताच बोल. मी फोन करून नाही म्हनतो."

"आधी येऊन तर जाऊ द्या."

सरांनी शर्टाची कॉलर पुन्हा नीट केली.

ललिताबाई आणि त्यांचा मुलगा अश्विन वेळेवर आले. आल्या आल्या बाईंनी भिंतीवरच्या आईच्या फोटोला हात जोडले. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडशील का, असलं काही विचारलं नाही. फक्त चहा घेताना म्हणाल्या, "तुहे बाबा साखर कमीच घेतात वाटते." अशी सासू मिळायला नशीब लागतं, चारुताला वाटलं.

बाबा तर भलतेच अवघडले होते. शेवटी तेच म्हणाले, "चारू, तू अन् अश्विन अंगणात जाऊन बोलून घ्या. मोकळं बोला."

लिंबाच्या झाडाखाली अश्विनने एक पान तोडलं. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात बंगलोरले नोकरी सुरू होऊन राहिली. पन आईनं एकटीनं वाढवलं मले. तिले एकटं टाकून जायाले पाय निघत नाही."

"मग नका टाकू एकटं."

"म्हनूनच तर आलो." तो हसला. हसणं छान होतं. "काका तापट नाहीत ना?"

"बाबा? डास मारायच्या आधीही विचार करतात."

"तुमचं काय झालं ते मले मालूम हाय. त्याच्यात आता नवीन मानूस आयुष्यात येनार. तुमाले जड तर नाही जानार?"

आतापर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं, का मोडलं? तुला जड जाईल का, हे कोणीच विचारलं नव्हतं. चारुताला एकदम रडू येईलसं वाटलं. हा माणूस तिला आवडला होता. उगाच कशाला नाकारायचं?

"आई सोबत राह्यली तर चालन तुमाले?" त्याने अडखळत विचारलं.

बंगलोर. तिथे कुठलीच खिडकी उशिराचं कारण विचारणार नाही. हा असेल, त्याची ही शांत आई असेल. हळूहळू बाबांनाही नेता येईल. आणि हे दार बंद झालं, तर पुढचं कधी उघडेल कोण जाणे.

"चालेल," ती म्हणाली. मग लाज बाजूला ठेवून म्हणाली, "अगदी मनापासून. माझा होकार आहे."

अश्विनचे डोळे भरून आले. तो तसाच दाराकडे धावला आणि उंबऱ्यातूनच ओरडला, "आई, काका, चारुताताई हो म्हनाली! तुमी दोघं आता लग्नाची तारीख काढा, मी बंगलोरचं तिकीट काढतो."