पहिल्या नंबरचा बोकड

"वहिनी, मनात काही धरू नकोस गं," नेल्डा म्हणाली.

"मी तुझी वहिनी नाही आता. कोर्टाचा कागद झालाय तसा." वर्नाने टोपी डोक्यावर दाबली. "आणि स्पर्धकाच्या घरच्यांनी परीक्षकाशी बोलायचं नसतं. जा, बस जाऊन."

नेल्डा गेली, पण बसली नाही. रिंगणाच्या कठड्याला पोट टेकून उभी राहिली. टेक्सासातल्या त्या डोंगराळ मुलखात मांसाच्या शेळ्यांची ठेवण पारखणारी वर्नासारखी दुसरी बाई नव्हती, बाप्याही नव्हता. तिच्या हाताखालून गेलेला बोकड पुन्हा कुणी तपासत नसे. सरकारी शिक्का मारलेल्या वजनासारखा तो खुशाल चालायचा.

आज तिच्या हाताखाली नेल्डाच्या भावाचा, रॉइसचा बोकड जनरल जाणार होता. याच रॉइसने वर्नाला जुन्या पिकअपमध्ये बसवून घराबाहेर काढलं होतं आणि तिने एकेक निवडून जमवलेला कळप मात्र स्वतःकडे ठेवला होता.

"जनरलला पहिला नंबर मिळू दे, पूर्वेकडचं रान आणि वीस शेळ्या तुझ्या," असं रॉइस नेल्डाला वर्षभर सांगत आला होता. बाईची पन्नाशी उलटली होती. निम्मं आयुष्य भावाच्या करडांना बाटलीने दूध आणि भावाला कॉफी पाजण्यात गेलं होतं. स्वतःची म्हणावी अशी एक शेपूट तिच्या नावावर नव्हती.

"आज वर्ना सव्याज वसूल करणार," शेजारचा म्हातारा हिल्मर म्हणाला.

"तिचा हात तसला नाही," नेल्डा म्हणाली.

"हात नसेल गं. पण मन तर आहे ना?"

बोकड आत आले. पांढरी अंगं, तांबडी डोकी, गळ्यात चकचकीत साखळ्या. पहिल्याच बोकडाच्या पोटाखाली हात घालून वर्ना सरळ उभी राहिली. "सड जास्त आहेत. पैदाशीला लावू नका, खाटकाला द्या." मालकाचं तोंड आंबट झालं, पण तो निमूट बाहेर गेला. वर्नाशी वाद घालायची तिथे रीत नव्हती.

मग जनरल. रॉइस कडक इस्त्रीची जीन्स घालून, साखळी धरून उभा होता.

"कशी आहेस, वर्ना?"

"बोकड सरळ उभा कर."

कठड्यावर हशा पिकला. वर्नाने बोकडाचं तोंड बघितलं, खांदे चाचपले, पाठीवरून पंजा फिरवला, कंबर दाबली, मागे वाकून पाय बघितले, सड मोजले. बराच वेळ लावला. नेल्डा कठड्यावरून आणखी पुढे वाकली.

सगळे बोकड बघून झाल्यावर वर्ना परत फिरली आणि जनरलच्या पुठ्ठ्यावर तिने थाप मारली. पहिला नंबर.

"पाठ बघा, टेबलासारखी," ती माइकवर म्हणाली. "कंबर लांब आणि भरलेली. मांडीचं मांस पार खाली उतरलंय. चारी पाय खांबासारखे जागच्या जागी. आजच्या रिंगणात या अंगाचा दुसरा बोकड नाही."

टाळ्या पडल्या. हिल्मरने टोपी काढली. "हरलो बुवा मी. ही बाई आमच्या पाद्र्यापेक्षा सरळ निघाली."

रॉइसच्या पायांना जमीन लागेना. "एकूण एक शेळी यंदा याच्याकडेच!" तो ओरडून सांगू लागला. "ते चार म्हातारे बोकड या आठवड्यातच खाटकाला!" कुणीसा किंमत विचारायला पुढे आला, तर त्याला उडवूनच लावलं. "विकायचा नाही. याचं करडूसुद्धा माझ्या कुंपणाबाहेर जाणार नाही."

नेल्डा त्याच्या बाहीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "दादा, माझ्या वीस शेळ्या…"

"ऐकलंत का?" रॉइस चारचौघांकडे वळला. "आमच्या नेल्डीला कळप हवाय! अगं, तुला वेगळ्या कशाला? माझ्या आहेत त्या तुझ्याच की. सांभाळ मरेपर्यंत, कोण नको म्हणतंय?"

चारचौघं हसली. नेल्डाही हसली. एवढ्या वर्षांत सवयच झाली होती.

"आणि ते रानाचं?"

"रान कुठे पळून चाललंय? जा, फोटोवाला थांबलाय. जनरलचं डोकं धर. आधी तोंड पूस त्याचं, लाळ गळतेय."

वर्षभर त्याने तिला जनरलला हात लावू दिला नव्हता. तिच्या हातांचा दुधाचा वास बोकडाला लागेल म्हणे. ती भुशात गुडघ्यावर बसली. हनुवटी धरून रुमालाने लाळ टिपली. ओठ जरासा वर सरकला.

खालचे दात वरच्या हिरडीवर बसत नव्हते. चांगले नखभर पुढे आले होते. विकत घेतला तेव्हा तोंड बरोबर असेल, अंगाबरोबर जबडा वाढला आणि सुटला. असल्या तोंडाचा बोकड रिंगणात मिनिटभर ठेवत नाहीत. कारण ते तोंड करडांत उतरतं, आणि तसली करडं ना धड चरतात, ना कुणी पैदाशीला घेतं. आयुष्यभर करडांच्या तोंडात बाटली धरणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

तिने मान वर केली. समोर वर्ना उभी होती, हातात बंद माइक. तिची नजर नेल्डावर होती.

"झालं का गं?" पहिल्या नंबरची फीत सरळ करत रॉइसने विचारलं.

नेल्डाने जनरलचा ओठ हलकेच खाली ओढला, वरून एकदा रुमाल फिरवला.

"झालं," ती म्हणाली. "आता हस जरा, दादा."