जुनी खोली

दौलतने चहाचं पाणी तिसऱ्यांदा भिंतीवर मारलं. पहिले दोन हबके प्लास्टरने पिऊन टाकले होते, आता कुठे डाग धरायला लागला होता. खोली सहा महिन्यांची होती आणि साडेदहाच्या आत ती सतरा वर्षांची दिसायला हवी होती. जेसीबी मानकोलीच्या नाक्यावर आल्याचा फोन येऊन गेला होता.

खोली म्हणायची एवढंच. घराच्या कुशीला चार बाय सहाचं संडास-बाथरूम, दाराला उंबरा नाही, आत पार्वतीच्या हाताशी येईल असा लोखंडी दांडा. दोन वर्षांपूर्वी कंटेनरने मोटरसायकल उडवली तेव्हापासून पार्वतीला कमरेखाली काही कळत नव्हतं. जुना संडास अंगणाच्या टोकाला. दौलत तिला उचलून न्यायचा. त्याला फेऱ्या पडू नयेत म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं होतं, भर मे महिन्यात. डॉक्टर रागावले की मान हलवायची आणि घरी येऊन तांब्या लांब सरकवायची. आता ती खुर्ची ढकलत एकटी जायची, आतून कडी लावायची. कडी लावता येणं ही केवढी चैन आहे, हे धडधाकट माणसाला सांगून कळायचं नाही.

परवानगीचं म्हणाल तर दौलतने सरपंचाला विचारलं होतं. सरपंच म्हणाला होता, "बांद की, आपलाच गाव हाय." त्या गावात सरपंचाच्या पुढे जाऊन कुणी काही विचारल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. खोली पाडायची नोटीस आली तेव्हा कळलं की विचारायचं ठिकाण दुसरंच होतं, बांधकाम परवानगीचं सरकारी ऑफिस. मग दौलत हबकला. धामणकर नाक्यावर अर्ज लिहून देणाऱ्या मितेशने त्याला वाट दाखवली. "जुनं बांधकाम दाखव. जुन्याला हात नाय लावत." स्टँपपेपरवर त्याने प्रतिज्ञापत्र लिहिलं, खोली सन २००८ ची. दौलतने न वाचता सही ठोकली आणि कागद काल ऑफिसात देऊन आला.

आणि आज पहाटेच उठून त्याने भिंतीवर आपलं लग्न रंगवलं. लग्नघराच्या दारापाशी नवरा-नवरीची नावं रंगवायची, ही तिथली रीत. 'दौलत व पार्वती, १२ मे २००८.' तारीख अगदी खरी होती. भिंत तेवढी खोटी होती.

"रंग सुकला का वो?" पार्वतीने ओटीवरून विचारलं.

"सुकंल. तू काय बोलू नको."

इंजिनिअर मॅडम, क्षितिजा नावाच्या, जेसीबीच्या पुढे चालत आल्या. त्यांनी भिंत पाहिली, नावं पाहिली, तारखेवरून बोट फिरवलं. बोटाला पिवळा रंग लागला. त्यांनी तो रुमालाला पुसला. नंतर आत डोकावल्या. लोखंडी दांडा बघितला, मग पार्वतीची खुर्ची बघितली.

"दादा, खरं सांगा. कधीची आहे?"

"लग्नातली, मॅडम. इचारा कोणालाबी."

"अहो, नवी असती तर बरं झालं असतं." त्या खरोखरच हळहळल्या. "आजारी माणसासाठी एवढंसं बाथरूम. आत्ता इथे अर्ज लिहून घेतला असता, जेसीबी परत पाठवला असता. मंजुरी मिळण्यासारखं आहे हे."

दौलतच्या हातातलं चहाच्या पाण्याचं पातेलं खाली पडलं. "नवीच हाय!" तो ओरडला. "मॅडम, नवीच हाय, दिवाळीत बांदली! ह्यो बघा, च्याचा पानी हाय ह्यो!" तो तळव्याने डाग पुसायला लागला. आता डाग निघेना.

"आणि काल दिलेलं प्रतिज्ञापत्र?" क्षितिजाने फाइल उघडून त्याची सही दाखवली. "हे आवक झालंय, नोंदवहीत चढलंय. मला काढून टाकता येत नाही. खोली नवी म्हटली तर हे खोटं ठरतं. खोट्या प्रतिज्ञापत्राचं पोलिसात कळवावं लागतं. खोली वाचेल, पण तुमच्यावर गुन्हा दाखल होईल."

"आन् जुनी म्हटली तर?" हे पार्वतीने विचारलं.

"तर जुनी घरपट्टी दाखवा. नसेल तर पुरावा नाही असा शेरा पडेल. दादांना काही होणार नाही. पण खोली आज पाडावी लागेल."

दौलत मॅडमच्या पायाशी बसला. "मी जातो आतमंदी. जेलात घाला मला. खोली ऱ्हाऊ द्या." तो लहान मुलासारखा रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

पार्वतीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. या माणसाला नेलं तर तिला खुर्चीत बसवणारं, खुर्चीतून उतरवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. पण ती काही तेवढाच विचार करत नव्हती.

"मॅडम, लिवा," ती म्हणाली. "खोली जुनी हाय. मी नवरी होऊन आले तवापासनं हाय. घरपट्टी न्हाय आमच्याकडं."

"पारवती!"

"तुमी गप ऱ्हावा. नवरीला म्हायती का तुमाला म्हायती?"

क्षितिजाने मान खाली घालून शेरा लिहिला. पार्वतीने सही केली. अंगणात जेसीबी सुरू झाला, बकेट वर उचलली गेली.

"पर जरा थांबवा त्याला," पार्वती म्हणाली आणि तिने खुर्ची वळवली. "मी येकदा जाऊन येते."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. सगळे अंगणात उभे राहिले. कुणी घाई केली नाही.