आबा उंबऱ्याबाहेर

अमृताने रोजच्यासारखा उजवा पाय पुढे केला आणि ती वाट बघत बसली.

कुरवंड्याची अंगणवाडी सुटली होती. आतल्या बाजूला, दाराजवळ चपलांच्या रांगेशी पोरं बसली होती. श्रीपतीआबा नेहमीप्रमाणे आत शिरून नातीच्या पायाशी वाकणार, तोच अंगणवाडीसेविका रुपालीबाईंनी दारात हात आडवा धरला.

"आबा, आजपासून उंबऱ्याच्या बाहेर."

"आवं, चपलेला बक्कल हाय. पोरीला न्हाई जमायचं."

"जूनमध्ये ती पहिलीत जाणार. तिथं तुम्हाला वर्गात कोण सोडणार? मग ही अशीच पाय पुढं करून बसेल आणि पोरं हसतील."

पोरांचं ते हसणं आबांना आत्ताच ऐकू आलं. ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांनी बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. तिथे बुटांचे जोड टाचेला टाच लावून मांडायचे. घरी कुणी चप्पल वाकडी काढली तरी आबांना जेवण गोड लागत नसे. अशा माणसाला नुसतं बघत राहा म्हणणं म्हणजे शिक्षाच.

अमृताने आबांकडे पाहिलं. आबांनी डोंगराकडे पाहिलं. पाय आणखी पुढे आला.

"आबा, घाला की!"

आबांनी फाटकाचा गज घट्ट धरला. एकेक करत बरीचशी पोरं निघून गेली. अमृताचा ओठ थरथरायला लागला.

"बाई, एवढा एक डाव..."

"नाही," रुपालीबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज मऊ झाला होता.

बराच वेळ तो पाय तसाच राहिला. मग अमृताने तो मागे घेतला, चप्पल स्वतःकडे ओढली आणि पाय आत घातला. पट्टा काही बकलात शिरेना. तिची जीभ बाहेर आली. दोनदा पट्टा निसटला, तिसऱ्यांदा अडकला. आता ती आबांकडे बघतसुद्धा नव्हती. ती दुसऱ्या पायाला लागली.

तेव्हा आबांच्या लक्षात आलं. डाव्या पायातली चप्पल उजव्यात गेली होती. त्यांचा हात फाटकाच्या कडीवर गेला. बत्तीस वर्षांची सवय. पण कडी त्यांनी काढली नाही.

अमृताच्या शेजारी तीन वर्षांचा पवन भोकाड पसरून बसला होता. अमृता उठली आणि त्याच्यासमोर जाऊन मांडी घालून बसली.

"रडू नगं. काय न्हाई त्यात, सोपं असतंय," ती म्हणाली, आणि त्याच्या रबरी चपला त्याच्या पायात सरकवल्या. त्याही उलट्याच. मग त्याचं बोट धरून तिने त्याला फाटकापर्यंत आणलं आणि घ्यायला आलेल्या त्याच्या आईच्या हवाली केलं. रुपालीबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि कचरा गेला म्हणाल्या.

आबांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी राहिलं. त्यांनी दप्तरासाठी हात पुढे केला. "माझं मी," असं म्हणून अमृता पुढे झाली.

घर तसं मागच्या गल्लीने दोन मिनिटांवर होतं. आबा त्या गल्लीकडे वळलेच नाहीत. त्यांनी नातीला देवळासमोरून, चावडीवरून, साऱ्या गावातून नेलं. अमृता फताक फताक पावलं टाकत, दप्तर पाठीवर घेऊन दहा पावलं पुढे चालली होती.

दुकानाच्या फळीवर बसलेला नथू हसायला लागला.

"आवं आबा, पोरीच्या चपला उलट्या झाल्यात की!"

आबा थांबले. एकदा नातीकडे बघून ते नथूजवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"हळू बोल, लेका. तिच्या तिनं घातल्यात."