चौथा प्रतिध्वनी

दादाच्या कारखान्यात तांबं आणि ॲल्युमिनियमचे थर एकावर एक जोडून वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या बनतात. त्या तपासायचं काम माझं. पट्टीत वरून ध्वनिलहर सोडली की प्रत्येक थराच्या तळावरून एक प्रतिध्वनी परत येतो. तीन थर, तीन प्रतिध्वनी.

त्या दुपारी चौथा आला. पट्टी बोटभर जाड, आणि हा येत होता चांगला हातभर खालून.

"दादा, हिच्याखाली काय आहे?"

"टेबल आणि तुझे पाय," तो हसला. "डोक्यावर पडलंय तुझं यंत्र."

तरी मी पाय वर घेतले आणि पुन्हा लहर सोडली. या वेळी चौथा प्रतिध्वनी वीतभर खालून आला. त्यानंतर चार बोटांवरून.

दादाचं हसू मावळलं. पट्टी हलत असेल म्हणून त्याने ती तळहाताने घट्ट दाबून धरली. "आता सोड."

मला धीर झाला नाही. मी यंत्राची वायरच काढून टाकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

दादा तसाच वाकून उभा होता. तळहाताकडे बघत त्याने हलकेच विचारलं,

"तू ठोकतेयस का गं?"