फाउंड्रीचे कपडे

"मागच्या खेपेला काकूंनी तुम्ही फाउंड्रीत कामावर असल्याचं सांगितलं होतं," रोजगाराच्या सरकारी पाहणीला आलेली मुलगी म्हणाली. "अजून तिथंच ना, काका?"

लोखंड ओतायची ती फाउंड्री बंद होऊन वर्ष झालं होतं. बायकोला मी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचो, तळ्यावर बसायचो आणि शिफ्ट सुटायच्या वेळी परतायचो. फंडाचे पैसे पगार म्हणून द्यायचो.

"तिला खरं ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. "महिन्यापूर्वी ती गेली. आता बेकार लिहा."

मुलगी जरा घुटमळली. "काकूंना ठाऊक होतं. म्हणाल्या, 'कपडे मीच धुते ना त्यांचे. कितीतरी महिने झाले, पाणी काजळीनं काळं होत नाही. पण तू कामावरच लिही, पोरी. त्यांना कळलं तर डबा न्यायचे नाहीत.'"

तिनं कागदावरचा पुढचा प्रश्न विचारला.

"काम शोधताय ना, काका?"

"आता कुणासाठी शोधू?"

"काम शोधत नसाल तर बेकारांत धरता येत नाही," ती हळूच म्हणाली.

बायको गेल्यापासून कपडे मीच धुतो. पाणी स्वच्छ निघतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.