दीडशे वर्षांची घडी

ख्रिस्ती पवित्र शास्त्रातला इराणचा दारयावेश राजा एकच की त्या नावाचे तिघे, या वादापायी दोघा सख्ख्या भावांत अकरा वर्षे अबोला होता. थोरले मास्तर तिघे मानीत; धाकटा पुस्तकबांधणीवाला एकच मानी, म्हणजे दोन राजे कमी होऊन इतिहासातली दीडशे वर्षे वजा. आज थोरले काठी टेकीत दुकानी आले व आपला हस्तलिखित ग्रंथ आणि त्यातला कालपट, म्हणजे राजांच्या वर्षांचा लांब तक्ता, पुढ्यात ठेवून म्हणाले, "डोळे चाललेत. शिवून दे. पण एक वर्षही कापलंस तर याद राख!" पट ग्रंथाहून रुंद होता. धाकट्याने कात्री उचलली, अन् तशीच खाली ठेवली. मग त्याने पटाला नेमकी त्या दीडशे वर्षांपुरती घडी घातली. "उघडली तर तुझं खरं, दादा. मिटली तर माझं." थोरल्यांनी बोटांनी घडी चाचपली. "लबाडा," ते सावकाश म्हणाले, "आपली अकरा वर्षंही हिच्यातच घाल."