परत डावीकडूनच?

आठ मिनिटांचा तो खेळ ऋजुता एकशे बाराव्यांदा खेळत होती. माणसाला कितव्या वेळी कंटाळा येतो हे कंपनीला सांगणं, हीच तिची नोकरी. तो येऊच नये म्हणून या आवृत्तीत खेळातल्या शत्रूंना स्मरणशक्ती दिली होती. आपण कसे मेलो, हे ते विसरत नसत.

किल्ल्याच्या दारात पहारेकरी उभा होता. पहिल्या दिवशी तो तलवार उपसून अंगावर आला होता आणि तिने डावीकडून एकाच घावात त्याची मान उडवली होती. आज तिला ओळखताच त्याने तलवार खाली ठेवली आणि शिरस्त्राण स्वतःच काढलं.

“आज परत डावीकडूनच का, ताई?”

ऋजुताने कंट्रोलर टेबलावर ठेवला. “मी नाही खेळत आता,” ती माइकमध्ये पुटपुटली. “तू जा आत.”

“असं नका करू,” तो घाईघाईने म्हणाला. “तुम्ही उठलात की ते दुसरे साहेब बसतात. त्यांना मारायची घाई नसते.”

शेजारी तिचा सहकारी शिरोडकर डबा संपवून हात पुसत होता. “झालं का तुझं? मग मी बसतो.”

“नाही. मला अजून कंटाळा नाही आला,” म्हणत ऋजुताने कंट्रोलर उचलला.

पहारेकऱ्याने मान आधीच कलती करून ठेवली होती.